झाकली मूठ

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. आर्वीहून एस.टी.नं तळेगावला परत येत होतो. लग्नसराईचे दिवस, गाडीत मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी. एका शाळकरी मुलानं उठून मला जागा देऊ केली, तर मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बस बाळ, बस. माझे पाय अजून शाबूत आहेत." आणि डोक्यावरचा लोखंडी दांडा धरून उभा राहिलो. चालत्या गाडीत उभं राहणं हे पायांपेक्षा हाताचं काम असतं, हे मला पाचच मिनिटांत कळलं. रस्त्यात एक गोऱ्हा आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आणि माझा हात दांड्यावरून असा अलगद सुटला, की जणू मी तो कधी धरलाच नव्हता. मी थेट एका बाईंच्या मांडीवरच्या आहेराच्या भांड्यांवर जाऊन आदळलो. पितळेच्या डब्याला पोचा आला. बिचाऱ्या बाई डबा बाजूला ठेवून मलाच विचारू लागल्या, "लागलं नाही ना जी बाबाजी?"

लागलं होतं, पण ते अंगाला नव्हे.

आमचं तळेगाव म्हणजे श्यामजी पंताचं तळेगाव. महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ. पुण्याकडे दाभाड्यांचं आहे, शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात दशासरचं आहे. तेव्हा पत्त्यावर श्यामजी पंतांना सोबत घेतल्याशिवाय आमची पत्रं घरी पोचत नाहीत. नागपूर–अमरावती हमरस्त्यावरचं हे गाव. आर्वी, आष्टीकडे जाणाऱ्यांनी इथं उतरावं, चहा घ्यावा आणि पुढची गाडी पकडावी. भोवती संत्र्यांचे बगीचे, कपाशीची शेतं आणि जवळच सत्याग्रही घाट. त्या दिवशी मी फाट्यावर उतरलो आणि दुखरा खांदा चोळत, कोणी पाहिलं तर नाही ना या विवंचनेत घरी आलो.

मागच्या अंगणात माझ्या थोरल्या भावाचा नातू लोंबकळत होता. दोन कडुलिंबांच्या मध्ये त्यानं लोखंडी पाइप बांधला आहे. सैन्यभरतीची तयारी! आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरी पोरगा अठराचा झाला की पहाटे हमरस्त्याच्या कडेनं धावू लागतो. २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली, नोकरी चार वर्षांची झाली. पण म्हणून पहाटेची गर्दी काही ओसरली नाही. आमच्या या पठ्ठ्यानं लेखी परीक्षा काढली होती. धावण्यात तो हरणासारखा. अडत होतं ते बीमवर. दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्यावर न्यायची, अशा दहा वेळा. दहाला ४० गुण, नवाला ३३, आठाला २७, सातला २१, सहाला १६. आणि सहाच्या खाली आला तो घरी गेला.

मी दारातून मोजू लागलो. पाच, सहा, सात. आठव्याला हनुवटी दांड्याच्या वीतभर खाली असतानाच त्याची बोटं एकामागून एक उलगडली, आणि तो मातीत उतरला. एकाच दिवशी एकाच घरातले दोन हात सुटले.

"दम संपला का रे?" मी विचारलं.

"दम नाही ना संपत, आबाजी! पाठीत जोर आहे, दंडात जोर आहे. हातच सुटून राहिले." तो तळवे पाहत म्हणाला. "जिममध्ये एकशेवीस किलोची डेडलिफ्ट मारतो मी. पट्टे बांधून."

"पट्टे कसले?"

त्यानं आतून आणून दाखवले. कापडी पट्टे, एक टोक मनगटाला, दुसरं लोखंडी दांड्याभोवती गुंडाळायचं. वजन जमिनीवरून उचलताना ते बोटांऐवजी मनगटावर तोललं जातं. पट्ट्यांवाचून किती उचलतोस, असं विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "नव्वद. त्याच्यावर हात खुलते."

म्हणजे तीस किलोंचं बळ त्याचं नव्हतं, पट्ट्यांचं होतं. ते पट्टे हातात घेतले आणि मला फार जुना एक दोर आठवला. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही. पट्टे दाराआडच्या खिळ्याला अडकवले आणि म्हणालो, "भरतीच्या मैदानावर हे बांधू देतील का?"

खांदा दुखायचा थांबेना, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, पण चौकस. खांदा पाहून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाले, "दाबा, जितकं जोरात दाबता येईल तितकं." काटा चोवीस किलोंवर थांबला. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली पुरुषांची किमान रेषा अठ्ठावीस किलोंची आणि स्त्रियांची अठरा किलोंची, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "मुठीवरून काय कळतं?" ते म्हणाले, "पुष्कळ. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांची पाहणी आली होती. आपला देशही त्यात होता. मुठीचं बळ दर पाच किलोंनी कमी, तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त, असं तीत आढळलं." माझा चेहरा पाहून त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, "मूठ सैल झाली म्हणून माणूस मरत नाही. मूठ म्हणजे आरसा. सगळ्या अंगाचं काय चाललं आहे, ते तिच्यात दिसतं."

आरशात पाहून झालं, की केस विंचरणं आलंच. मी घरी येऊन नातवाला म्हटलं, "उद्यापासून आपण दोघं एकाच शाळेत." भरतीला सहा-सात महिने होते. वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची खेप होती.

हात ही मोठी नवलाची वस्तू आहे. बोटांना जोर देणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. तिथून दोरीसारख्या शिरा मनगटाच्या बोगद्यातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. कळसूत्री बाहुली नाचते मांडवात आणि दोर ओढणारा बसतो पडद्याआड, तसला प्रकार. म्हणून मूठ वाढवायची तर नुसतं बोटांकडे बघून भागत नाही. पुन्हा, मूठ एक नाही. मिरची कुटताना बत्ता धरतो ती दाबण्याची मूठ निराळी. चिमटीत वीट उचलतो ती निराळी. आणि भरलेली बादली घेऊन चालतो, काही दाबत नाही, काही ओढत नाही, फक्त सुटू देत नाही, ती तिसरी. दांड्याला लोंबकळणाऱ्याला आणि जमिनीवरून वजन उचलणाऱ्याला हवी असते ही तिसरी. तिचं बळ क्षणाचं नसतं, टिकण्याचं असतं.

आमचा अभ्यासक्रम असा ठरला. पहिली गोष्ट, नुसतं लोंबकळणं. वर ओढायचं नाही, झोके घ्यायचे नाहीत. खांदे किंचित आवळून धरून राहायचं. तो पहिल्या दिवशी पस्तीस सेकंद राहिला. मी पाय स्टुलावर टेकवून, निम्मं वजन पायांवर ठेवून पंधरा. दुसरी गोष्ट, दोन हातांत दोन डबे घेऊन विहिरीपासून गोठ्यापर्यंत चालणं. वीस लिटरचा डबा पाण्यानं भरला की वीस किलो. तोच वाळूनं भरला की तीसच्या पुढं जातो. तो वाळूचे डबे नेई, मी अर्ध्या पाण्याच्या बादल्या. तिसरी गोष्ट, पाइपावर पोत्याची गुंडाळी. दांडा जाड झाला की बोटं पुरी मिटत नाहीत, त्यांना दुप्पट कष्ट पडतात. मग मैदानावरचा बारीक दांडा हाताला लहान मुलाच्या मनगटासारखा वाटतो. कधी पोत्याऐवजी पाइपावरून दुपट्टा टाकायचा आणि त्याची दोन टोकं धरून लोंबकळायचं. चौथी गोष्ट घरातल्या बायकांनी सुचवली: गोधड्या धुवायच्या दिवशी पिळायचं काम या दोघांना द्या. ओली गोधडी पिळून पाहा. मनगटात किती पाणी आहे, ते तिच्यातल्या पाण्याआधी कळतं!

धरायचं कसं, हेही पुन्हा शिकावं लागलं. तो दांडा तळहाताच्या मध्यावर घेई. वजन आलं की दांडा खाली घसरे, कातडी चिमटे, घट्टा फुटे. दांडा बोटांच्या मुळाशी घ्यायचा आणि अंगठा वरून वळवून बोटांवर कुलपासारखा लावायचा, एवढ्यानंच त्याला एक जास्त निघू लागलं. जमिनीवरचं वजन उचलताना काही जण एक तळवा पुढं आणि एक मागं करतात, म्हणजे दांडा हातात फिरत नाही. तेही खरंच, पण उलट्या हाताच्या दंडाला त्यात जपावं लागतं.

पहिला महिना झोकात गेला. मग मुलानं मुलासारखं केलं. चांगलं झालं तर दुप्पट चांगलं व्हावं म्हणून तो सकाळी लोंबकळे, दुपारी लोंबकळे, रात्री मी झोपल्यावर पुन्हा लोंबकळे. तीन आठवड्यांत कोपराच्या आतल्या बाजूला असा ठणका लागला, की त्याला पाण्याचा तांब्या उचलवेना. स्नायू लवकर तयार होतो. त्याला हाडाशी बांधणारी दोरी सावकाश तयार होते. जोर आला असं वाटतं, तेव्हा दोरी अजून मागंच असते. डॉक्टरांनी लोंबकळणं पुरतं बंद करायला सांगितलं, आणि दुखणं उतरल्यावरही एक दिवसाआड हा नियम घालून दिला. शिवाय एक उलटा व्यायाम दिला: हात ज्वारीच्या कोठीत मनगटापर्यंत खुपसायचा आणि मिटलेली बोटं दाण्यांत उघडायची. मिटणाऱ्या स्नायूंना उघडणाऱ्यांची जोड नसेल, तर मनगट लुळं पडतं आणि मूठही सुटते.

ते दिवस फार वाईट गेले. श्रावणाची झड लागलेली. ओल्या अंगणात तो रिकामा पाइप ठिबकत असे, आणि पोरगा ओसरीवर कोठीत हात घालून उदास बसलेला असे. एका संध्याकाळी दाराआडच्या पट्ट्यांकडे बघत तो म्हणाला, "तुमचं बरं आहे, आबाजी. ऐनवेळेवर हात सुटला तं कसं वाटते, तुम्हाले काय ठाऊक?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. घरात कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट.

१९७३ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस रुसलेला, विहिरी तळाला गेलेल्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. मी एकोणीस वर्षांचा. रोज दोनशे जोर काढणारा, शर्टाच्या बाह्या मुद्दाम दुमडून दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा. संध्याकाळी तळातल्या मजुराला वर घ्यायचं होतं. मोटेचा जुना नाडा कप्पीवरून टाकलेला. तो धरायला मी आणि मागं आमचा म्हातारा सालगडी. मी म्हटलं, "तू हो बाजूला. मी एकटा घेतो." तो बाजूला झाला, पण नाड्याचं शेपूट त्यानं हातातून सोडलं नाही, हे मला तेव्हा दिसलं नाही.

आठ-दहा हात नाडा मी झपाझप ओढला. मग बोटं उघडू लागली. दंड थकला नव्हता, पाठ थकली नव्हती. नुसती बोटं माझं ऐकेनाशी झाली. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ती उघडत होती. नाडा सुटला. खालून किंकाळी आली. मागं म्हाताऱ्यानं दोन्ही पंजे मिटले. दीड-दोन हात नाडा त्याच्या तळव्यांतून चरचरत गेला आणि थांबला. मजूर अधांतरी राहिला. भिंतीवर आपटून त्याचा गुडघा फुटला, पण जीव वाचला. वडील धावत आले. मी म्हणालो, "दोर ओला होता. सटकला." वडिलांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो सोललेले तळवे धोतरात लपवून म्हणाला, "हो मालक. दोरच वला होता."

रात्री मी त्याच्या झोपडीत गेलो. त्याची म्हातारी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावत होती. मला पाहून तो हसला. म्हणाला, "धाकले मालक, जोर दंडात हाये, पंजात नाही. दोराले दंड नाही समजत, पंजा समजते."

पुढं पंधरा दिवस त्याला बैलाचा कासरा धरता आला नाही. त्याची कामं म्हातारीनं केली. मी कोणाला काही बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मी पन्नासांहून अधिक वर्षं झाकून ठेवली होती.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एकच विचारलं, "त्या मजुराचं काय झालं?"

"थंडीत गुडघा दुखायचा त्याचा. बाजारात भेटायचा तेव्हा सांगायचा."

"तुम्ही सांगितलं त्याले?"

"नाही."

त्यावर तो काही बोलला नाही, आणि मीही नाही. दोघंही म्हातारे आता या जगात नाहीत, सांगायचं कोणाला? पण दुसऱ्या दिवशी कोठीत हात घालताना तो स्वतःशी मोजत होता, कुरकुरत नव्हता.

त्या म्हाताऱ्यानं कधी कसरत केली नव्हती. पण पहाटे गाईची धार, दिवसभर कासरा, कुऱ्हाड, मोट, संध्याकाळी अंबाडीचा दोर वळणं; त्याचा पंजा दिवसभर काही ना काही धरूनच असे. आता विहिरीवर बटण दाबलं की पाणी येतं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. त्या कष्टांचे गोडवे गावेत असं मला मुळीच वाटत नाही, कारण ते मी केले नाहीत, त्यानं केले. एवढंच, की पंजाला जे काम पूर्वी पोटासाठी पडे, ते आता वेळ काढून द्यावं लागतं.

कोपर बरं झाल्यावर मी त्याला अमरावतीला घेऊन गेलो. शाळेत असताना एका सुट्टीत माझे मामा मला तिथल्या हनुमान आखाड्यात नेत असत. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभारलेलं ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ; १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवायला त्याचं पथक गेलं होतं. मला तिथला दोरीचा मल्लखांब आठवत होता. पोरं दोरीला गाठ न मारता, पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात ती धरून सरसर वर जात आणि अधांतरी पद्मासन घालत. त्या वेळच्या वस्तादांचा एक शब्द माझ्या कानात राहिला आहे: "दोरी आवळू नका, धरा." लहानपणी त्याचा अर्थ कळला नाही. आता डॉक्टरांनी सांगितला. मूठ करकचून आवळली की स्नायूंतलं रक्त दबतं, आणि ते वेळेआधी थकतात. सुटू नये एवढंच धरावं. बाकीचं बळ पुढच्यासाठी राखावं. नातू बीमवर नेमकं हेच करत होता: पहिल्या पाचातच भीतीनं दांडा असा आवळायचा, की आठव्यासाठी मुठीत काही उरतच नसे. माझी तऱ्हा निराळी. एकोणीस वर्षांचा असताना मी दोर आवळत होतो, आणि बाहत्तराव्या वर्षी एस.टी.चा दांडा नुसता शोभेला धरला होता.

दिवाळीपर्यंत तो दीड मिनिट लोंबकळू लागला. पट्ट्यांवाचून एकशे दहा किलो जमिनीवरून उचलू लागला. पट्टे टाकून द्यावेत असं मात्र मी त्याला म्हटलं नाही. पाठीला जास्त काम द्यायचं असेल तेव्हा शेवटच्या खेपेला खुशाल बांधावेत. फक्त आपलं वजन कोणतं आणि पट्ट्यांचं कोणतं, हा हिशेब मनाशी चोख असावा.

मार्गशीर्षात भरती झाली. तो रात्रीच्या गाडीनं परत आला. मी फाट्यावर वाट पाहत उभा होतो. उतरताच म्हणाला, "नऊ. तेहतीस मार्क."

"आणि दहाव्याला हात सुटले?"

"हात नाही सुटले, आबाजी." दिव्याच्या उजेडात त्यानं तळवे उघडून दाखवले. घट्टे शाबूत होते. "दमच सुटला. दहाव्याले वर गेलोच नाही, पण लोंबकळूनच होतो. मास्तर म्हणाले, उतर आता, तेव्हा उतरलो."

पुढं यादीत त्याचं नाव आलं. आता तो दूर प्रशिक्षणात आहे. रविवारी फोन करतो. परवा म्हणाला, "इथं दोर चढाव लागते." एवढंच. मला काय ऐकायचं होतं ते त्याला कळलं असावं, कारण थोडं थांबून तो म्हणाला, "ओला असला तरी चढतो."

माझा काटा आता सव्वीसवर येतो. डॉक्टरांच्या रेषेला अजून दोन किलो कमी. अंगणातला पाइप मी काढू दिलेला नाही. एक दिवसाआड स्टुलावर पाय टेकवून पंचवीस सेकंद लोंबकळतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा आर्वीहून येत होतो. गाडीत तशीच गर्दी. एका मुलीनं उठून जागा दिली. या वेळी मी मुकाट्यानं बसलो. पण समोरच्या बाकाचा दांडा मात्र तळेगाव येईपर्यंत धरून होतो. आवळून नव्हे, धरून.